ओली बाजू, कोरडी बाजू

घोडा, गरायेल, शर्यत जिंकला आणि बेगेंचचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्याच्या बायकोचे, गुलशातचे, मात्र राहिले, आणि अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या ते घोट्यापर्यंत पाण्यात गेले.

मागे ट्रकमधून घोडा उतरत होता. गळ्यात जिंकल्याचा तांबडा रुमाल. अख्खी गल्ली गोळा झालेली. धाकटा दीर मेरदान भावाच्या पाठीवर थापा मारत होता. गेल्या वर्षी अंगणात मधोमध भिंत घातल्यापासून हे असं पहिल्यांदाच. गुलशातला त्यातलं काही ऐकू येईना. पाणी आलं कुठून?

शोधायला लांब जावं लागलं नाही. सकाळी ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा बेगेंच घोड्याला आंघोळ घालत होता. हातातली नळी तशीच टाकून तो घोड्यामागे धावला, घोड्यामागे सगळं घर धावलं, आणि घराला कुलूप लावून सगळे गोनबादच्या शर्यतीला. नळी दिवसभर वाहत होती. बैठकीच्या खोलीच्या पायरीपाशी.

बैठकीत गालिचा होता.

गुलशात चपलांसकट आत शिरली. या घरात तिने असं कधी केलं नव्हतं. गालिचा दाराकडून भिजला होता. दाराकडची बाजू पाण्याने फुगून काळपट झालेली, आणि पलीकडची सकाळी होती तशीच. कोरडी, ऐटीत. मधे ओलीची वेडीवाकडी कड.

दाराकडची बाजू गुलशातने विणलेली. पलीकडची मायसाने. मायसा म्हणजे मेरदानची बायको, गुलशातची धाकटी जाऊ.

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळवे रोवून दाबले. बोटांमधून पाणी वर आलं, मातकट, तबेल्याचा वास मारणारं. तिने डोक्यावरच्या रुमालाचं पांढरं टोक त्यात बुडवलं आणि दाराच्या उजेडात धरलं. मळलं होतं. लाल झालं नव्हतं.

"रंग सोडला नाही," ती म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. पण तिला ते मोठ्याने म्हणायचं होतं.

मग सगळे आत आले आणि भांडण सुरू झालं. मेरदान म्हणाला, नळी कुणाची? बेगेंच म्हणाला, नळी वाहिली तर वाहिली, पाणी वर्षानुवर्षं ज्या मोरीतून बाहेर जायचं तिच्यावर भिंत कुणी बांधली? ते खरंच होतं. पाण्याला जायला वाट उरली नव्हती म्हणून ते घरात आलं. पण नळीही खरीच होती. दोघं भाऊ दाराशी ओल्या फरशीवर उभे राहून एकमेकांना खरं तेच सांगत होते, आणि बाहेर घोडा खिंकाळत होता, कारण जिंकल्यावर त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

"देवालाही कळतं बघ," मेरदान हसत म्हणाला, "कुणाची बाजू भिजवायची ते."

गुलशातने मान वर केली नाही.

असं बोलायला त्याला निमित्त होतं. गेल्या वर्षी मायसाच्या बहिणीच्या लग्नात बायका गालिच्यांवरून बोलत होत्या, तेव्हा मायसा म्हणाली होती, आमच्या गालिच्यावर चालायचं तर माझ्या बाजूने चाला, पाय रुतत नाही. बायका खळखळून हसल्या. कढईतले पिश्मे, कणकेचे तळलेले तुकडे, गार व्हायच्या आत ते वाक्य गुलशातपर्यंत पोचलं. पाय रुततो म्हणजे हात सैल. हात सैल म्हणजे बाई सैल. त्या दिवसापासून गुलशात मायसाशी बोलली नव्हती. महिनाभरात भिंत उभी राहिली. मेंढ्या वाटल्या, भांडी वाटली, म्हाताऱ्या सासूने, नबातने, फक्त दोन गोष्टींवर हात ठेवला. तंदूर वाटायचा नाही. गालिचा वाटायचा नाही.

आणि आता सोमवारी अकजेमाल येणार होती.

अकजेमाल सेलबीला बघायला येणार होती, आपल्या मुलासाठी. सेलबी गुलशातची थोरली. अकजेमाल विणकरणींच्या घरातली. मुलीला स्वयंपाक येतो का, कुराण वाचते का, असलं ती काही विचारत नाही म्हणे. ती बैठकीत येते, बसते, चहा ओतून घेते, आणि बोलता बोलता गालिच्याचा कोपरा उलटा करते. बस. आमच्या माळरानात मुलीची आई कोपऱ्याच्या उलट्या बाजूला वाचता येते. मग ती विचारते, मुलगी कुणाच्या हाताखाली शिकली?

गुलशातला एवढंच हवं होतं. कितीतरी वर्षं हवं होतं. जाणत्या बाईने कोपरा उचलावा, विचारावं, आणि आपण म्हणावं, माझ्या.

नबात पायरीवर बसून सगळ्यांचं ऐकत होती. तिने विचारलं, आता करायचं काय.

बेगेंच आणि मेरदान यावर मात्र लगेच एक झाले. सकाळी उचलायचा, भिंतीवर टाकायचा, ऊन आहे, वारा आहे, दोन दिवसांत खडखडीत. गुलशात नाही म्हणाली. ओला गालिचा मेलेल्या उंटाएवढा जड असतो, टांगला की स्वतःच्या वजनाने उभे धागे तोडतो. आणि टांगा नाहीतर पसरा, असा अर्धा ओला वाळवला तर ओली बाजू आक्रसणार, कोरडी नाही. चौकोनी गालिचा नांगराच्या फाळासारखा होणार. शिवाय मधे ही मातीची कड जन्माची बसणार.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"सगळा भिजवायचा," गुलशात म्हणाली. "कोरडी बाजूसुद्धा. स्वच्छ पाण्याने, एकसारखा. मग सगळा एकदम वाळवायचा."

 मेरदानने डोक्यावरची टोपी मागे सारली. "म्हणजे तुमची बुडाली म्हणून आमचीही बुडवायची. बरंय, वहिनी."

नबातने स्वतः चार गालिचे विणले होते. तिला माहीत होतं की सून खरं बोलते. पण तिला हेही माहीत होतं की आभाळ फिरलं, दमट वारा सुटला, की भिजलेला गालिचा आतून कुजतो, आणि अर्धा हातात होता तोही जातो. ती म्हणाली, अर्धा तरी वाचलाय, तो मायसाचा आहे. तिच्या तोंडून हो आल्याशिवाय तिच्या बाजूवर पाण्याचा थेंब पडायचा नाही.

सगळ्यांनी मायसाकडे बघितलं. मायसा दारात उभी होती, रुमालाचं टोक दातांत धरून. थोरल्या दिरासमोर ती बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून कधी बोललेली नाही, आमच्याकडे कुठलीच सून बोलत नाही. बेगेंचसमोर मानाने गप्प आणि गुलशातसमोर रागाने गप्प. त्या खोलीत हो म्हणायला तिच्याकडे तोंडच नव्हतं.

ती वळून भिंतीपलीकडे निघून गेली.

सकाळी तंदूरवर दोघी एकाच वेळी आल्या. येणारच. भिंत बांधताना मेरदानने तंदूरपाशी एक माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. गुलशातने ठरवलं होतं की स्वतःहून एक शब्द काढायचा नाही. तिने सेलबीला मधे उभं केलं.

"काकूला विचार, कणीक झाकली का, माती उडतेय."

"काकू, कणीक झाकली का?"

"आईला सांग, झाकली."

"आई, झाकली." सेलबीने दोघींकडे पाहिलं. "लग्न माझं आहे की निवाडा तुमचा आहे? मला एकदा कळू दे. म्हणजे मी कपडे त्याप्रमाणे घालते."

मायसाच्या ओठांचा कोपरा हलला. गुलशातने पाठ फिरवली, हात ओला करून भाकर तंदूरच्या भिंतीवर थापली, आणि आतल्या जाळाकडे बघत बसली. तिला ते दिवस आठवले. मायसा नवी नवरी म्हणून आली तो हिवाळा. जमिनीवर माग आडवा पसरलेला, दोघी त्यावर बसलेल्या, खांद्याला खांदा. पोरीचा हात लोखंडाचा होता. आडवा धागा ती अशी ठोकायची की तिची बाजू खाली जायची आणि गुलशातची वर राहायची. ओळ तिरकी व्हायची. गुलशातने तिला हळू ठोक म्हटलं नाही. ती जाऊ होती, थोरली, ती कशाला कमी घेईल? तिने स्वतःचा हात वाढवला. संध्याकाळी मनगटं सुजायची, ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, आणि सकाळी परत ठोकायची. तो हात सैल?

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगणार नव्हती. पण सोमवार जवळ येत होता आणि आत बैठकीत गालिचा पाणी पीत पडला होता.

तिने सेलबीला बाजूला सारलं.

"तुझी बाजू भिजवावी लागेल," ती थेट मायसाला म्हणाली. वर्षभरातलं पहिलं वाक्य, आणि त्यात ना गोडवा ना विनवणी. "नाहीतर माझी आखडेल. तुझी राहील सरळ. लोक बघतील आणि म्हणतील, मायसाचाच हात. मला एवढंच सांगायचं होतं. पुढे तू बघ."

मायसाने भाकर थापली. दुसरी थापली. थाळी उचलून ती फटीतून गेली.

सेलबी म्हणाली, "आई, असं मागतात?"

"मी मागितलं नाही," गुलशात म्हणाली. "मी सांगितलं."

ऊन चढलं तसा गालिचा सहा जणांनी अंगणात आणला. फरशीवर पसरला. बेगेंच आणि मेरदान दोर घेऊन आले, भिंतीवर चढवायला. बेगेंचने बायकोकडे बघितलं. त्याला वाईट वाटत होतं. नळी त्याची होती. पण आईचा शब्द आईचा शब्द. गुलशात बाजूला उभी राहिली, हाताची घडी घालून. ती रडणार नव्हती, आणि गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या म्हणून तर मुळीच नाही.

तेवढ्यात फटीतून मायसा आली.

रुमालाचं टोक दातांत. हातात नळी, तीच, घोड्याची. तिने थोरल्या दिराकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. मेरदान म्हणाला, अगं, काय करतेस. तिने पोरांपैकी कुणालातरी खुणेने नळ सोडायला सांगितला आणि स्वतःच्या कोरड्या, ऐटदार बाजूवर पाण्याची धार धरली.

कोरडी लोकर पाणी लगेच घेत नाही. थेंब वरच्या वर मोत्यांसारखे पळतात. मायसा वाकली आणि तळव्याने पाणी आत जिरवू लागली, दाबून, जसं कणकेत जिरवतात. लाल गडद होत गेलं. मेरदान हातात दोर घेऊन नुसता बघत राहिला.

पलीकडच्या किनारीपासून भिजवत ती मधे आली आणि थबकली.

आपली बाजू कुठे संपते ते तिला दिसेना.

ती खाली बसली. बोटाने गाठी मोजल्यासारखं केलं. इकडे सरकली, तिकडे सरकली. ओलीची कड मधेच कुठेतरी होती, पण ती पाण्याने काढलेली होती, बायांनी नाही. विणताना गुलशातचाच नियम होता की कालच्या ओळीत तू जिथे थांबलीस तिथे आज थांबायचं नाही. कधी तू माझ्यात दोन गाठी ये, कधी मी तुझ्यात. उभी रेघ पडता कामा नये.

नबात पायरीवरून हसायला लागली. दात नसलेलं तिचं हसू, नुसता वारा. "भिजव आता," ती म्हणाली. "कुठे थांबशील? भिजव सगळा."

मग गुलशात पुढे झाली. मायसाच्या हातातून नळी घ्यायला नव्हे, तर समोर बसून पाणी जिरवायला.  बोलायला वेळच नव्हता. माती निघेपर्यंत पाणी घालायचं होतं, आणि ते निघालं. आधी चहासारखं, मग कोऱ्या चहासारखं, मग नितळ. गल्लीतल्या बायका वाकून मोरीकडे बघत होत्या, लाल येतंय का. आलं नाही. एक जण म्हणाली, झाडाच्या मुळाचा रंग आहे, बाजारचा नाही. गुलशातने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

पाणी काढायला बेगेंचने घोड्याचा घाम निपटायची लाकडी पट्टी आणली. गरायेलची, शर्यतीसाठी नवी केलेली. गुलशात एकदाच बोलली, लोकर ज्या दिशेला झोपते त्याच दिशेने ओढा, उलट नाही. बेगेंचने घोड्याच्या पाठीवरून फिरवावी तशी ती फिरवली, मान ते शेपूट. मग गालिचा गुंडाळला आणि दोघं भाऊ अनवाणी त्याच्यावर चढून चालले, एकमेकांचे दंड धरून, कारण गोल ओंडक्यावर एकट्याचा तोल राहत नाही. पाणी दोन्ही टोकांनी गळत होतं. खाली पाणी परत साचायला लागलं तेव्हा मेरदान मुकाट्याने उतरला, पहार आणली आणि भिंतीच्या पायातल्या विटा काढून मोरी मोकळी केली.

तबेल्याचं छप्पर बुटकं आणि उतरतं आहे, पन्हळ छातीइतक्या उंचीवर. गालिचा त्यावर पसरला. लोकर खाली, उलटी बाजू वर, म्हणजे ऊन रंगाला नाही, गाठींना लागतं. चारी कडा ताणून त्यावर वजन ठेवायला हवं होतं. भिंतीतून निघालेल्या विटा तिथेच पडल्या होत्या. पुरल्या नाहीत. मेरदानने वरच्या थरातल्याही काढल्या.

मग वाट बघायची. दवाआधी संध्याकाळी झाकायचा, ऊन आलं की उघडायचा. गुलशात दर थोड्या वेळाने जाऊन गालिच्याला गाल लावायची. हाताला कळत नाही, गालाला कळतं. गार लागला की आत ओल आहे.

रविवारी सकाळी तिने गरायेलचा कासरा सोडला आणि गालिच्याच्या डाव्या कडेला लावून गाठ मारली. मग तोच कासरा घेऊन उजव्या कडेला गेली. कासऱ्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. तिने हाक मारली नाही. मायसा आपणहून आली आणि टोक धरलं. गाठ कोपऱ्यावर बरोबर बसली. दोन्ही कडा सारख्या.

मायसाने टोक सोडलं, जराशी थांबली, आणि गेली. गुलशात तिथेच उभी राहिली, कासरा हातात घेऊन. हात सैल असता तर आपली कड आखडली असती. आखडली नव्हती. आणि ओळ सरळ यावी म्हणून मायसानेही मागावर कधी हात हलका केला होता का, आपल्यासाठी? हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं. तिला ते आवडलं नाही. पण ते गेलंही नाही.

अजून गालिचा गालाला गार लागत होता, आणि अकजेमाल त्याच दुपारी आली. एक दिवस आधी. घोडा जिंकल्याचं ऐकलं, म्हणून अभिनंदन करायला आले, म्हणाली. सोबत तिची बहीण आणि कापडात बांधलेल्या भाकरी.

घरात धावाधाव झाली. बैठकीत नुसता जाड लोकरीचा नमदा होता. बेगेंच म्हणाला, उतरवतो गालिचा पटकन, घालतो, ओला आहे ते कुणाला कळतंय. गुलशात म्हणाली, त्यांना कळेल. राहू दे तिथेच.

बेगेंचने मग गरायेलला बाहेर काढलं, तांबडा रुमाल नीट केला. अकजेमाल फाटकातून आली, ठेंगणी, सावकाश चालणारी. घोड्याला माशाल्ला म्हणाली, आणि तिची नजर घोड्याच्या पाठीवरून थेट तबेल्याच्या छपरावर गेली. तिथेच राहिली.

"उलटा घातलाय," ती म्हणाली.

"वाळतोय," गुलशात म्हणाली. "भिजला होता."

"येणाऱ्या-जाणाऱ्याला पाठ दिसते. संकोच नाही वाटला?"

"सुलट्या बाजूने कुणाचाही गालिचा बरा दिसतो."

अकजेमाल तिच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग बैठकीकडे न जाता तबेल्याकडे गेली. कोपरा उचलायची गरज नव्हती, सगळा कोपराच होता. तिने पन्हळीपाशी उभं राहून नख गाठींवरून आडवं फिरवलं, सावकाश, एका कडेपासून. नबात काठी टेकत आली. मायसा मागे उभी, टोक दातांत. सेलबी चहाच्या किटल्या घेऊन दारातच थांबली.

"दोघींनी विणलाय असं ऐकलं होतं," अकजेमाल म्हणाली. नख मधे थांबलं. "इथे. इथे हात बदलतो."

मायसाने मान हलवली. नाही.

अकजेमाल जराशी सरकली. "मग इथे."

मायसाने परत मान हलवली. तिचे डोळे हसत होते आणि काहीतरी बोलायला तिचा जीव नुसता वर-खाली होत होता. गुलशातने ते पाहिलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो घोड्याचा लगाम धरून ऐटीत मधोमध उभा होता.

"अहो," ती म्हणाली, "घोड्याला पाणी दाखवून आणा जरा. लांबच्या हौदावर."

बेगेंचला काही कळलं नाही. पण गेला.

मायसाने दातांतलं टोक सोडलं. "वहिनी," ती म्हणाली, "सांगायचं का त्यांना?"

"तुला ठाऊक असेल तर सांग."

मायसा हसली. मग गुलशातही. नबातला तर ठसकाच लागला. अकजेमालने एकीकडून दुसरीकडे पाहिलं, आपली थट्टा होतेय की काय या शंकेने, आणि मग मुद्द्यावर आली. सेलबीकडे हनुवटी करत तिने विचारलं, "मुलगी कुणाच्या हाताखाली शिकली?"

गुलशातने हा प्रश्न मनात इतक्यांदा ऐकला होता की उत्तर जिभेवर तयार होतं. एकच शब्द. तिने तो आला तसा येऊ दिला, आणि ओठांशी थांबवला. आपल्या बाजूला मायसा उभी होती, खांद्याला खांदा, मागावर बसायची तशी.

तिने छपराकडे बोट केलं.

"जिची बाजू तुम्हाला वेगळी काढता येईल," ती म्हणाली, "तिच्या."

अकजेमालने चहा नको म्हणून हात हलवला, बाही वर सारली, आणि परत पहिल्या कडेपासून नख फिरवायला घेतलं.